डिलाईल रोडची खानावळ आणि ऑफिसातला मायक्रोवेव्ह

आजच्या भागात पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं लिहून काढलंय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे गाळलेत, तरी काही राहिले असतील, सांभाळून घ्या.

विषय आहे जेवण आणि वेगवेगळ्या संस्कृतींची माणसं. आमच्या ऑफिसात दर वर्षी एक 'फूड फेस्टिव्हल' होतो. प्रत्येक राज्याचं एक टेबल, फेटे, साड्या, ढोकळ्यावर खोचलेला छोटा झेंडा. मग माइकवर कुणीतरी म्हणतं की अन्न हा संस्कृतींमधला पूल आहे. टाळ्या. आता मी डिलाईल रोडचा. आमच्यासमोर पुलाची उपमा जरा जपून वापरावी. आमचा पूल जुलै २०१८ मध्ये बंद केला, तो पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. पाच वर्षं लोअर परळ स्टेशनला वळसे घालून जाणाऱ्या माणसाला पूल म्हटलं की आधी बांधकामाचा खर्च आठवतो, आणि तो कुणी केला हा प्रश्न पडतो. आज मला तेवढंच विचारायचंय. जेवणाने माणसं जोडली जातात हे मान्य. पण हे जोडण्याचं काम करतं कोण, त्याचे पैसे कोण भरतं, आणि ते कुठे जाऊन थांबतं?

आधी जुनी गोष्ट. डिलाईल रोड म्हणजे कागदावरचा ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशी म्हणजे १९२० साली आयटक उभी करणाऱ्यांपैकी एक, कामगार चळवळीतला मोठा माणूस. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर बीडीडी चाळी आहेत, ३२ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आता पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे 'आहेत' म्हणायचं की 'होत्या' हे तुम्ही कुठल्या बाजूने बघता त्यावर आहे. यातल्या कित्येक खोल्यांत घरं नव्हतीच, गावं होती. साताऱ्याच्या एका गावची खोली, रत्नागिरीच्या एका गावची खोली. वीस-पंचवीस गडी एका खोलीत, भिंतीला ओळीने ट्रंका लावलेल्या. एकाच वेळी सगळे झोपू शकत नव्हते, पण तशी गरजही नव्हती, कारण गिरणीच्या तीन पाळ्या. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच्या जागेवर आडवा व्हायचा. बायका-पोरं गावी. मग या गड्यांनी जेवायचं कुठे?

तर खानावळीत. खानावळ म्हटल्यावर डोळ्यांपुढे बोर्ड आणि बाकडी आणू नका. गिरणगावातली खानावळ म्हणजे शेजारच्या खोलीतली एक बाई. तिचा नवरा गिरणीतच, किंवा गिरणीतून कमी केलेला, किंवा वारलेला. ती दहा, पंधरा, कधी वीस गड्यांचं दोन वेळचं रांधायची. पाळीप्रमाणे डबे गिरणीच्या गेटवर जायचे. पैसे महिन्याच्या पगाराला. ज्या दिवशी जेवला नाही त्या दिवसाचा 'खाडा' धरायचा आणि हिशेबातून वजा करायचा. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला ही पद्धत फार आवडते. पोस्टपेड, दिवसागणिक हिशेब, आणि सगळा डेटा एका चाळीस पानी वहीत.

माझी आजी खानावळ चालवायची. माहेर-सासर दोन्ही संगमेश्वरकडचं. म्हणजे भात, कुळथाची पिठी, सुकट, तांदळाची भाकरी, वाटणात ओलं खोबरं. आणि तिचे निम्मे मेंबर होते घाटावरचे, सातारा आणि कोल्हापूरकडचे. त्यांना भात म्हणजे जेवणानंतरची गंमत. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी आणि त्यासोबत झणका. आजच्या पोरांना 'कोकणी आणि घाटी' हा फरक मीमपुरता माहीत असतो. तेव्हा तो खरा होता. भाषेचा हेल वेगळा, सणांच्या रीती वेगळ्या, एकमेकांची टिंगल तर रोजचीच. घाटावरचे म्हणायचे हे कोकणे वास मारतात, कोकणातले म्हणायचे हे घाटी नुसता मिरचीचा धूर काढतात.

आजी ज्वारीची भाकरी लग्नानंतर, मुंबईत शिकली. शिकवली खालच्या मजल्यावरच्या कराडच्या एका बाईने. त्या बदल्यात तिने आजीकडून सुकटीची चटणी नेली. यात 'एकमेकांची संस्कृती समजून घेऊया' वगैरे काही नव्हतं. सहा मेंबर भाकरी मिळेना म्हणून दुसऱ्या खानावळीत जातील, ही भीती होती. पण रोज, वर्षानुवर्षं, दुसऱ्याच्या तोंडाची चव आपल्या हाताला लावून घेणं, याला मी त्या झेंडेवाल्या टेबलांपेक्षा जास्त मानतो. आजीच्या हातचं कालवण शेवटी कुठलंच राहिलं नव्हतं. त्यात ओलं खोबरं पण असायचं आणि कांदा-लसूण मसाला पण. गावी गेल्यावर तिची जाऊ म्हणायची, हे काय मुंबईचं करून ठेवलंस. आम्हाला घरात तेच आवडतं.

मसाल्यावरून आठवलं. कुणाला मुंबईत संस्कृतींची सरमिसळ बघायची असेल तर एप्रिलमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत जा, आणि सोबत रुमाल ठेवा. ब्याडगी मिरची कर्नाटकातली, संकेश्वरी बेळगावकडची, पांडी आंध्रातून, शिवाय काश्मिरी, लवंगी. बायका हातात यादी घेऊन उभ्या असतात. मालवणी मसाल्याची यादी वेगळी, आगरी-कोळ्यांची वेगळी, घाटी कांदा-लसूणची वेगळी. वसईकडच्या ईस्ट इंडियन बायकांचा बॉटल मसाला तर आणखी वेगळा, त्यात गहू आणि चणेही भाजून घालतात आणि तो बाटल्यांत ठासून भरतात. डंक एकच, आपला नंबर येईपर्यंत थांबायचं. थांबल्यावर माणूस शेजारणीच्या यादीत डोकावतोच. 'तुम्ही दगडफूल एवढं घालता?' इथून सुरू होतं. आणि हे सगळं ज्या मिरचीवर उभं आहे ती मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. पाव हा शब्दही त्यांचाच. आपलं, आपलं म्हणून आपण जे घट्ट धरून बसतो त्यातल्या किती गोष्टी बोटीतून उतरल्यात याची यादी एकदा करायला हवी. ती वेगळ्या भागात करू.

आता खर्चाकडे येतो. गिरणगावात संप झाला की पगार थांबायचा, पण पोट थांबत नाही. खानावळवाल्या बायकांनी संपाच्या काळात गड्यांना उधारीवर जेवायला घातलं. सत्तरच्या दशकातल्या संपात घातलं, आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले तेव्हाही घातलं. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं असतात, युनियनची असतात, गिरण्यांची असतात. वाण्याची उधारी स्वतःच्या नावावर घेऊन, मंगळसूत्र गहाण टाकून वीस माणसं जगवणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

एका बाईने मात्र हे पाहिलं होतं. प्रेमा पुरव. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, नंतर मुंबईत कम्युनिस्ट चळवळीत गिरणी कामगारांमध्ये काम करणाऱ्या. त्यांच्या लक्षात आलं की मोर्च्यात कामगार दिसतो, पण त्याला उभं ठेवणारी बाई सावकाराच्या विळख्यात आहे. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालेलं. पण ज्या बाईकडे सातबारा नाही, दुकान नाही, सही येत नाही, तिला बँक दारात तरी उभी करणार का? पुरव यांनी बँकेला पटवलं की खानावळ हा धंदा आहे, ही बाई उद्योजक आहे, आणि ती कर्ज फेडते. पहिल्यांदा १४ बायकांना कर्ज मिळालं. कर्ज गटाच्या जबाबदारीवर होतं, म्हणजे एकीने थकवलं तर बाकीच्या तिच्या दारात. पुढे मंडळाने केटरिंग, बायकांसाठी वसतिगृह अशी कामं उभी केली. पुरव यांना २००२ साली पद्मश्री मिळाली. मायक्रोफायनान्सची परदेशी उदाहरणं आपल्याला इंजिनीअरिंगच्या सॉफ्ट स्किल्सच्या तासाला शिकवली होती, आठवतं? चालत दहा मिनिटांवर घडलेलं हे उदाहरण कुणी सांगितलं नव्हतं.

आता इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटत असेल, वा, काय सुंदर काळ होता. थांबा. खानावळ गावाप्रमाणे होती तशी जातीप्रमाणेही होती. गिरणीत विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि तोच धोटा दुसरा तोंडाला लावणार. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे संपात खांद्याला खांदा, पण धोट्याला ओठ नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, तीही याच रेषेवर. मी बाबांना एकदा सरळ विचारलं, आजीकडे बौद्ध मेंबर होते का? बाबा म्हणाले, 'नाही, त्यांच्या खानावळी वेगळ्या होत्या.' आणि विषय बदलला. कोकण आणि घाट यांच्यात जे झालं ते तिथे झालं नाही. सुकट एकच, चूल एकच, चाळसुद्धा एकच, तरी नाही. त्यामुळे जेवण आपोआप माणसं जोडतं असं कुणी म्हटलं की मी गप्प बसतो.

जगात लोकांनी हा प्रयोग मुद्दाम करूनही पाहिलाय. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये २०१० साली 'कॉन्फ्लिक्ट किचन' नावाची खिडकी सुरू झाली. ज्या देशांशी अमेरिकेचं भांडण आहे त्या देशांचंच जेवण तिथे विकायचं. इराण, अफगाणिस्तान, क्युबा, उत्तर कोरिया. जेवण ज्या कागदात गुंडाळायचे त्यावर त्या देशातल्या माणसांच्या मुलाखती छापलेल्या. भन्नाट कल्पना. २०१४ मध्ये त्यांनी पॅलेस्टाइनचं जेवण ठेवलं, तर जिवे मारण्याची धमकी आली आणि काही दिवस बंद ठेवावं लागलं. म्हणजे भांडण खाऊन संपत नाही, काही वेळा ते ताटातच येऊन बसतं. २०१७ मध्ये ती खिडकी बंद झाली.

आता आजच्या डिलाईल रोडवर या. गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. माझं ऑफिस अशाच एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. आजोबा ज्या बाजूला पाळीला जायचे तिथून माझी पाळी पाच मिनिटांवर आहे, फक्त भोंग्याऐवजी स्लॅक वाजतं. माझ्या टीममध्ये अकरा जण आहेत. मुंबईचे तीन, बाकी बिहार, केरळ, बंगाल, मणिपूर, राजस्थान. सगळे पीजीत नाहीतर भाड्याने, तिघा-चौघांत एक फ्लॅट. बंगालचा मित्र दोन ठिकाणी घर बघायला गेला, दोन्हीकडे पहिला प्रश्न, 'नॉनव्हेज खाता का?' गावच्या खोलीत वीस जण झोपायचे ते दिवस गेले, पण कोण कुठला, काय खातो, कुठे राहू शकतो, हा हिशेब तसाच चालू आहे.

दोन वर्षांपूर्वी पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हवर एक कागद चिकटला. उग्र वासाचे पदार्थ गरम करू नयेत. कुणाचं नाव नाही, तारीख नाही. त्या आठवड्यात मी सुकट आणली होती. बंगाली मित्राने शुटकी आणली होती, म्हणजे त्यांचा सुका मासा. आणि इम्फाळच्या सहकारीने इरोम्बा आणला होता. इरोम्बा म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि मिरची ठेचून त्यात ङारी घालतात, ङारी म्हणजे मुरवलेला सुका मासा. आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसायला लागलो, कारण कागद नक्की कुणासाठी हे ठरेना. तोपर्यंत आमचं बोलणं कोडपुरतं होतं. त्या दिवशी तिघांनी डबे गार उघडले आणि एकमेकांचं चाखलं. तिला सुकट फारच सौम्य वाटली. मला तिच्या मिरचीने अर्धा तास मीटिंगला जाता आलं नाही.

तिथून आमची 'पाळी' सुरू झाली. आता सहा जण आहोत. आठवड्यातून चार दिवस, ज्याचा दिवस त्याने सगळ्यांसाठी आणायचं. घरी किचन नाही त्याने भाजी चिरून द्यायची किंवा सामानाचे पैसे भरायचे. मी एक शीट केलीय, त्यात खाडा धरायचा कॉलम आहे, आणि हो, कॉलमचं नाव 'खाडा' असंच आहे. केरळचा माणूस स्टँडअपमध्ये सांगतो, 'टुमॉरो माय खाडा.'

सहावी सहकारी राजस्थानची, जैन. ती आली तेव्हा खरी अडचण झाली. तिने स्पष्ट सांगितलं, 'मला त्या वासाने खरंच मळमळतं, मी नाटक करत नाही.' आणि हेही सांगितलं, की तो कागद तिने लावलेला नाही, पण सगळ्यांनी तिच्याकडेच बघितलं होतं. आमची यावर दोन-तीन वेळा चांगलीच वाजली. मला आजही वाटतं की वासाच्या नियमात नेहमी गरिबाचा आणि लांबून आलेल्याचाच डबा सापडतो, तुपाची फोडणी कधी 'उग्र' ठरत नाही. पण समोरच्या बाईला उलटी येत असताना तिला समाजशास्त्र सांगण्यात अर्थ नाही. शेवटी ठरलं असं: मासा फक्त शुक्रवारी, गार, आणि खिडकीच्या टेबलावर. त्या दिवशी ती येत नाही, तिचा खाडा. मंगळवार तिचा. त्या दिवशी कांदा-लसूण-बटाट्याशिवाय सगळे खातात. तिची केर-सांगरी खाल्ल्यापासून तो बंगाली माणूस मंगळवारी सुट्टी घेत नाही. कागद अजून तिथेच आहे. कडा पिवळ्या पडल्यात.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. आमच्या मजल्यावर मणिपूरच्या दोघी होत्या. एक इम्फाळची, आमच्या टीममधली, मैतेई. दुसरी चुराचांदपूरची, कुकी, दुसऱ्या टीममध्ये. आधी दोघी एकत्र जेवायच्या, मुंबईत ती लालभडक मिरची कुणाला मिळाली की दुसरीला वाटा जायचा. ३ मे २०२३ नंतर ते थांबलं. तिकडे हिंसा सुरू झाली, इंटरनेट बंद झालं, ते कित्येक आठवडे. आम्ही दिवसभर सर्व्हर चालू आहे की नाही बघणारी माणसं, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला आई जिवंत आहे की नाही कळायला दोन दिवस लागत होते. फोन लागला तर लागला. त्या काळात दोघी पॅन्ट्रीत समोरासमोर आल्या तर एक पाणी भरून निघून जायची. आमच्यातल्या एका उत्साही माणसाने सुचवलं, दोघींना एकाच टेबलावर बोलावून 'मणिपुरी लंच' करूया. मी नको म्हटलं. एखाद्याचं घर जळलेलं असताना त्याने काय खावं आणि कुणासोबत खावं हे सुचवायचं नसतं. चुराचांदपूरच्या मुलीने पुढच्या वर्षी नोकरी बदलली. जाताना तिने आमच्या टेबलावर मिरचीच्या लोणच्याची एक बाटली ठेवली, कुणासाठी ते सांगितलं नाही. इम्फाळवालीने ती बाटली उघडलीही नाही आणि फेकू पण दिली नाही. फ्रिजच्या दारात आहे.

असो. आजीच्या वहीबद्दल सांगायचं राहिलं. पुनर्विकासासाठी खोली रिकामी करताना माळ्यावर सापडली. नावं नाहीत, गावं आहेत: 'वाईवाला', 'कागल मोठा', 'कागल बारका', 'देवरुख'. समोर खाड्यांच्या उभ्या रेघा. ८२ च्या पानांवर रेघाच नाहीत, कारण संपात बाहेर जेवायला पैसे कुणाकडे होते? सगळे रोज हजर. जमेची बाजू कोरी. त्यातली बरीच उधारी बुडाली, आजीने कधी मागितली नाही, आणि मागायची तर कुणाकडे, लोक गावी परतले होते. पण कोरेगावकडचा एक जण पुढे कित्येक वर्षं दिवाळीच्या सुमारास वाघ्या घेवड्याची पिशवी पाठवायचा. आजी गेल्यावर त्याचा मुलगा पाठवू लागला. घेवडा आमच्याकडे ओल्या खोबऱ्याच्या वाटणात करतात. कोरेगावच्या माणसाने ते बघितलं तर काय म्हणेल माहीत नाही.

तुमच्या घरात अशी वही असेल, किंवा तुमच्या आजीकडे, मावशीकडे, काकीकडे मेंबर जेवायचे असतील, तर मला व्हॉइस नोट पाठवा. लालबाग, करी रोड, चिंचपोकळी, नायगाव, कुठलंही चालेल. कोण काय शिकवून गेलं, कुणाला जेवायला बसवलं नाही, तेही सांगा. पुढचा भाग त्यावरच करायचा विचार आहे. आणि उद्या शुक्रवार, माझी पाळी आहे, बोंबील भिजत घातलेत. भेटूया.